हा वाडा कुणाचा?

ज्येष्ठ वद्यात माउलींची आणि तुकोबारायांची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असते. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात, तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. मधला दिवस वारकऱ्याला मोकळा. कोणी धोतर-टोपी धुऊन घेतो, कोणी तुटलेली वहाण शिवून घेतो, कोणी शहर पाहायला निघतो. दोन वर्षांपूर्वी अशाच मधल्या दिवशी तुळशीबागेतल्या रामाचे दर्शन घेऊन मी बाहेर पडलो आणि विश्रामबागवाड्यासमोर जरा टेकलो. गुडघे आता पूर्वीसारखी साथ देत नाहीत. शेजारी परभणीकडचे एक माळकरी गृहस्थ बसले होते. मान वर करून ते त्या कोरीव खांबांकडे पाहत होते. माझ्या कपाळीचा बुक्का पाहून त्यांनी नमस्कार केला आणि विचारले,

"महाराज, ह्यो वाडा कुनाचा?"

मी म्हणालो, "पेशव्यांचा."

"आता कोन ऱ्हातंय इथं?"

"राहत कोणी नाही. महापालिकेच्या ताब्यात आहे."

"मंग पेशव्याचा कसा?"

माउली, पन्नास वर्षे मी कीर्तनात उभा राहिलो. देह कुणाचा, घर कुणाचे, धन कुणाचे, हे प्रश्न श्रोत्यांना विचारून त्यांची उत्तरे मीच देत आलो. पण त्या दिवशी त्या भोळ्या माणसाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तो राम कृष्ण हरी म्हणून उठून गेला. त्याचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला, आणि त्याला कारणही होते. ते पुढे सांगतो. आधी या वाड्याची हकीगत सांगतो, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना राहायला शनिवारवाडा होताच. त्यांच्या पणजोबा शोभावेत अशा पराक्रमाच्या आजोबांनी, थोरल्या बाजीरावांनी, तो बांधला. १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. पण बांधणाऱ्याच्या वाट्याला तो किती आला? थोरल्या बाजीरावांचे आयुष्य घोड्यावर गेले आणि १७४० मध्ये देह पडला तो नर्मदेच्या काठी, रावेरखेडीला. पुढे त्याच वाड्यात १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. १७९५ मध्ये सवाई माधवराव तिथेच वरून खाली पडले आणि त्यात गेले. अशा वास्तूत दुसऱ्या बाजीरावांचे मन रमले नाही. त्यांनी शुक्रवारात वाडा बांधला, बुधवारात बांधला, आणि सदाशिव पेठेत हा तिसरा. याचे नाव ठेवले विश्रामबाग.

ही जागा आधी हरिपंत फडके यांची बाग होती, असे सांगतात. म्हणजे बाजीरावांच्याही आधी कोणी तरी इथे 'माझी बाग' म्हणत असणार. वाडा उभा राहायला सहा वर्षे लागली, सुमारे दोन लाख रुपये खर्च आला आणि १८०७ च्या सुमारास तो पुरा झाला. तीन चौक. दर्शनी बाजूला सुरूच्या झाडाच्या घाटाचे सागवानी खांब, त्यांच्या माथ्यावर केळफुलांची नक्षी, दरवाजावर पुढे आलेला सज्जा. आजही त्या सज्ज्याखाली उभे राहिले की सुताराच्या हाताला मनोमन नमस्कार घडतो.

नाव विश्रामबाग. पण विश्राम किती मिळाला? दहा-अकरा वर्षे. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. बाजीराव पुणे सोडून निघाले ते परत आलेच नाहीत. पुढच्या जूनमध्ये ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन ते गंगेकाठी ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, जाऊन राहिले. तिथे त्यांनी बत्तीस-तेहतीस वर्षे काढली आणि १८५१ मध्ये तिथेच देह ठेवला. ज्या वाड्याला विश्राम नाव दिले तिथे दहा-अकरा वर्षे, आणि जिथे जाण्याचे स्वप्नातही नव्हते तिथे तीन तपे होत आली. बिठूरचा त्यांचा वाडाही १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी उद्ध्वस्त केला.

इकडे विश्रामबागेत काय झाले? पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. राज्य गेल्यावर त्या रकमेतला काही भाग बाजूला काढून १८२१ मध्ये इंग्रज सरकारने याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. ज्या दिवाणखान्यात गाणीबजावणी होत, तिथे मुले शब्दांची रूपे घोकू लागली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, वेदान्त शिकवायला शास्त्री बसले. धन्याला जी शांतता मिळाली नाही ती विद्यार्थ्यांना मिळाली. मात्र सुरुवातीला ती पाठशाळा एकाच वर्णाच्या मुलांसाठी होती, हेही सांगायला हवे. आपल्या वाळवंटात जो भेद नाही तो त्या चौकात होता. पुढे काळ पालटला, पाठशाळेला इंग्रजी शाळा जोडली गेली, दार हळूहळू सर्वांना मोकळे झाले. त्याच विद्येच्या झाडाचे पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले.

मग १८७९ चा मे महिना आला. पुण्यात आगी लागल्या, म्हणजे लावल्या गेल्या. बुधवारवाडा जळून गेला. विश्रामबागेचीही पूर्वेकडची बाजू जळाली. शनिवारवाडा त्याच्या कितीतरी आधी, १८२८ मध्ये, सात दिवस जळत होता. शुक्रवारवाडाही आगीतच गेला. बाजीरावांच्या चारही वाड्यांना अग्नीने हात लावला, त्यातून एवढा एकच बराचसा वाचला. जळलेला भाग पुन्हा उभारला गेला. ज्यांनी तो उभारला त्यांची नावे आज कोणी पाठ करीत नाही.

१९३० पासून तीसेक वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचा, आणि १९५० नंतर महापालिकेचा, कारभार याच वाड्यातून चालला. माझे वडील मला लहानपणी बोटाला धरून तिथे घरपट्टी भरायला न्यायचे. पेशव्यांच्या चौकात कारकुनांची टेबले, फायलींचे गठ्ठे आणि चहाचे पेले होते. पुढे मी तिथल्या पोस्टात कितीतरी पत्रे टाकली. गावोगावच्या सप्ताहांची तारीख कळवणारी पोस्टकार्डे सगळी तिथूनच गेली.

आता त्या परभणीच्या माउलीचा प्रश्न पुन्हा ऐका. हा वाडा कुणाचा? फडक्यांचा, की पेशव्यांचा? शास्त्र्यांचा, की इंग्रज सरकारचा? कारकुनांचा, की महापालिकेचा? प्रत्येकाने 'आमचा' म्हटले आणि प्रत्येकाला तो सोडावा लागला. पेशवे दहा-अकरा वर्षे राहिले. झाडणारे मात्र दोनशे वर्षे झाडतच आहेत. एक झाडणारा गेला की दुसरा येतो. वाडा आज उभा आहे तो बांधणाऱ्यामुळे जितका, तितकाच कौले चाळणाऱ्यांमुळे, कुजलेला वासा बदलणाऱ्यांमुळे, साचलेले पाणी काढून देणाऱ्यांमुळे. यातल्या कुणाचाही तो नव्हता.

इथपर्यंत आले की कीर्तनकाराला फार सोपे असते. "म्हणून माउली, हे घर म्हणजे धर्मशाळा! रात्र काढायची आणि पहाटे निघायचे!" एवढे म्हणून टाळकऱ्यांकडे पाहायचे की मृदंग वाजतो. मी हे वाक्य किती वेळा म्हटले असेल त्याची गणती नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यात एक गुरू सर्प आहे. सर्प स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. घर बांधणे हे दुःखाचे मूळ. नाथमहाराजांनी या स्कंधावर केलेली टीका आम्ही आळंदीला गुरुजींपुढे बसून वाचली. हा सर्प माझ्या आवडीचा होता. घराचा विषय निघाला की मी त्याला बाहेर काढत असे.

आणि मग हा सर्प माझ्याच घरात निघाला. ती गोष्ट सांगायचे मी टाळत आलो. पण आता वय झाले, आणि हा लेख लिहायला घेतला तो त्यासाठीच.

आमचाही पुण्यात एक जुना वाडा होता. विश्रामबागेपुढे अगदीच किरकोळ. दोन चौक, एक आड, एक तुळशीवृंदावन, नऊ बिऱ्हाडे. आजोबांनी विकत घेतलेला. वडिलांमागे तो मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांच्या नावावर आला. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात बसले, मातीच्या भिंती विरघळल्या. आमचा वाडा उंचावर असल्याने वाचला. त्या रात्री अंगावरच्या वस्त्रांनिशी जी माणसे आमच्या चौकात आली, त्यांत एक नवे लग्न झालेले जोडपे होते. वडिलांनी त्यांना जिन्याखालच्या दोन खोल्या उघडून दिल्या आणि म्हणाले, "पाणी ओसरेपर्यंत राहा." पाणी दुसऱ्या दिवशी ओसरले. ते जोडपे राहिले. भाडे आठ रुपये ठरले. त्या सुनेला पुढे सारा वाडा काकू म्हणू लागला. काकूंना मूल झाले नाही. नवरा लवकर गेला. शिवणकाम करून त्यांनी आयुष्य काढले.

या काकू रोज पहाटे उठून सबंध चौक झाडायच्या, आपल्या दारापुढचाच नव्हे. वृंदावनापुढे सडा घालून रांगोळी काढायच्या. पालखीच्या दिवसांत आमच्या वाड्यात एक दिंडी उतरायची. तिच्यातल्या बायाबापड्यांसाठी काकू आदल्या रात्री पिठले आणि भाकऱ्यांची चळत करून ठेवायच्या. मी त्यांच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. मला त्या अरेतुरे करीत. मी कीर्तनाला उभा राहू लागलो तेव्हा म्हणाल्या, "आवाज बरा आहे तुझा. पण फार भरभर बोलतोस."

वाडा जुना होत गेला. कायद्याने भाडी गोठलेली. कौले चाळायची तर हजारो रुपये, आणि भाडे आठाचे वाढून वाढून पन्नास झालेले. आम्ही मालक म्हणायचो, "भाडेकरूंच्या घरात पाणी गळते, आम्ही का खर्च करावा?" भाडेकरू म्हणायचे, "वाडा मालकाचा, आम्ही का दुरुस्त करावा?" दोघांचे शब्द वेगळे, अर्थ एकच: हे माझे नाही. आणि पाऊस दोघांचे म्हणणे ऐकत बसला नाही. एका श्रावणात मागच्या चौकाची भिंत बसली. देवदयेने तिच्याखाली कोणी नव्हते.

मग वाडा पाडून इमारत बांधण्याचे ठरले. बांधकाम करणाऱ्याने जुने कागद मागितले. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. त्यात खालपासून वरपर्यंत खरेदीखते, तळाची मोडीत. मोडी मला थोडी वाचता येते. एका कारकुनाने ती जागा घेतली होती, त्याच्याकडून एका सावकाराने, सावकाराच्या नातवाकडून आमच्या आजोबांनी. प्रत्येक कागदात एकच भाषा: ही जागा घेणाराने वंशपरंपरेने, पुत्रपौत्रादिकांनी भोगावी. आणि त्या कागदावर पुढच्या खरेदीचा कागद. वंशपरंपरा दोन-दोन पिढ्यांत संपलेली. मला हसू आले. पुढच्या कीर्तनासाठी छान दृष्टान्त मिळाला, असेही वाटले. एवढेच वाटले, हे लक्षात ठेवा.

बाकीची बिऱ्हाडे पैसे घेऊन किंवा नव्या जागेचा करार करून निघाली. काकू उरल्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की मला याच जागी दोन खोल्या द्या, आणि तसे लिहून द्या. बांधणाऱ्याला ते नको होते, भावाला नको होते. खरे सांगतो, मलाही नको होते. त्या दोन खोल्यांची किंमत आता आठ रुपयांत नव्हे, लाखांत होती. त्यांना समजावण्याचे काम माझ्याकडे आले, कारण बोलण्याची कला माझ्याकडे.

मी गेलो. त्यांच्या पाटावर बसलो. आणि मी कीर्तन केले. दुसरा शब्द नाही त्याला. म्हणालो, "काकू, आता सत्तरी आली. भिंतींचा मोह कशाला? घर म्हणजे धर्मशाळा. भाचीकडे राहा, नामस्मरण करा." तो सर्पही मी काढला.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. नेहमी तू म्हणणाऱ्या काकू त्या दिवशी म्हणाल्या, "बुवा, धर्मशाळा आहे ना? मग आधी तुम्ही उठा."

मी उठलो तो तसाच घरी आलो. त्या रात्री झोप नाही. धर्मशाळा हा शब्द मी आयुष्यभर वापरला, पण तो मी दुसऱ्याला उठवण्यासाठी वापरीन, असे मला कधी वाटले नव्हते. एखाद्या अबलेच्या पायाखालची जागा काढून घ्यायची आणि वर तिला वैराग्य शिकवायचे, याला परमार्थ म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. लेखात लिहवत नाही.

पहाटे तुकोबारायांचे चरित्र आठवले. मी ते कैक वेळा सांगितलेले. दुष्काळानंतर तुकोबांनी कर्जखतांचे कागद इंद्रायणीत बुडवले. आपण कथेत एवढेच सांगतो आणि पुढे जातो. पण महिपतीबुवांनी त्यात एक बारीक गोष्ट सांगितली आहे. कागदांची आधी वाटणी झाली. धाकट्या कान्होबाच्या वाट्याचे निम्मे कागद त्याला दिले, आणि आपल्या वाट्याचे तेवढे तुकोबांनी पाण्यात सोडले. माउली, या वाटणीत वैराग्याचे सगळे शास्त्र आहे. तुकोबांनी भावाच्या वाट्याचे वैराग्य केले नाही. जे आपले म्हणवले जाते तेवढेच सोडण्याचा आपल्याला अधिकार. दुसऱ्याचे सोडायला सांगणे हा त्याग नव्हे. कर्जखते बुडाली त्यात घेणेकऱ्याचे गेले, देणेकऱ्याचा श्वास मोकळा झाला. माझ्या वैराग्यात नेमके उलटे होत होते.

मग प्रश्न असा उरतो: घर कुणाचेच नाही हे खरे, तर त्याचे करायचे काय? सोडून द्यायचे? गळू द्यायचे? आम्ही मालक-भाडेकरूंनी तेच केले होते. 'माझे नाही' हे वाक्य संताच्याही तोंडी असते आणि आळशाच्याही तोंडी असते. वाक्य तेच, पण एकाच्या घरात रांजण भरतो आणि दुसऱ्याच्या घराची भिंत बसते.

रांजण म्हटले ते नाथमहाराजांचा मनात धरून. पैठणला नाथांच्या वाड्यात भगवंत श्रीखंड्या होऊन राहिला, बारा वर्षे कावडीने पाणी वाहत राहिला. नाथषष्ठीच्या सुमारास तो रांजण अजून भाविक भरतात. ते घर श्रीखंड्याचे होते का? नव्हते. साऱ्या ब्रह्मांडाचा धनी दुसऱ्याच्या घरी गडी म्हणून राहिला आणि 'घर माझे नाही, मी का पाणी वाहू' असे एक दिवसही म्हणाला नाही. सर्पाने दुसऱ्याच्या बिळात कसे राहावे ते शिकवले. श्रीखंड्याने दुसऱ्याच्या घरात कसे राहावे ते शिकवले. सर्पाचा धडा अवधूताला. तुम्हाआम्हा प्रापंचिकांना श्रीखंड्याचा धडा. ही दोन्ही पाने एकाच नाथांच्या घरची, पण मी एकच वाचून दाखवीत होतो.

आणि तो पंढरीचा राणा? भक्ताच्या दारी आला, तेव्हा भक्त आईबापांच्या सेवेत होता. देवाने घर मागितले नाही, खोली मागितली नाही. एक वीट मिळाली, तिच्यावर उभा राहिला. अजून उभाच आहे.

आपल्या संप्रदायात याचे आचरण रोज घडते, आपल्याला ते शब्दांत सांगता आले नाही तरी. वारीत दिंडी एखाद्याच्या ओसरीवर उतरते. पहाटे निघताना कोणीतरी बाई केरसुणी मागून घेते आणि ती ओसरी झाडून निघते. परत तिथे यायचे की नाही, ठाऊक नसते. तरी झाडते. आणि सप्ताहातली वीणा पाहा. पहाऱ्याची वीणा गळ्यात येते तेव्हा ती आपली नसते. आधीच्या विणेकऱ्याने दिलेली असते, पुढच्याला द्यायची असते. पण पहारा चालू आहे तोवर ती भुईवर ठेवायची नाही. 'माझी नाही' म्हणून ती टाकता येत नाही, आणि 'माझी आहे' म्हणून पहारा संपल्यावर ठेवूनही घेता येत नाही. दुसरा आला की पाया पडायचे, मान वाकवायची, वीणा त्याच्या गळ्यात घालायची. घर हे असे आहे. शेत असे आहे, विद्या अशी आहे, देहही असाच आहे. पेशव्यांच्या पहाऱ्यात काय वाजले आणि पाठशाळेच्या पहाऱ्यात काय वाजले, एवढाच फरक. वाडा सर्वांच्या गळ्यातून जात राहिला.

काकूंचे पुढे काय झाले ते सांगतो. मी भावाला म्हणालो, काकूंच्या दोन खोल्या करारात लिहिल्याशिवाय माझी सही नाही. भाऊ रागावला. वर्षभर आमचे बोलणे बंद होते. त्याचेही चूक नव्हते. त्याला मुलीचे लग्न करायचे होते आणि उशीर त्याला महाग पडला. शेवटी तसे लिहिले गेले. इमारत उभी राहायला वेळ लागला. काकू भाचीकडे राहायला गेल्या आणि ताबा मिळण्याआधी चार महिने तिथेच वारल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, "चौक ठेवलाय का रे?" चौक ठेवला नव्हता. तिथे मोटारी लावतात. मी म्हणालो, "ठेवलाय." या खोट्याचा हिशेब माझ्या नावावर आहे.

त्या खोल्यांना वारस नव्हता. त्या पुन्हा आम्हा दोघा भावांकडे आल्या. भाऊ म्हणाला, विकून निम्मे-निम्मे घेऊ. तो हक्काने बोलला. मी तुकोबांची वाटणी आठवली. भावाचे निम्मे भावाला द्यायला हवे, ते बुडवण्याचा मला अधिकार नाही. शाळेतल्या नोकरीचे निवृत्तिवेतन आणि शिल्लक होती, तिच्यातून त्याचे निम्मे मी हप्त्याहप्त्याने दिले. आता पालखीचे दोन दिवस तिथे दिंडीतल्या बायका उतरतात. एरवी गावाकडून शिकायला आलेल्या दोन मुली राहतात. आठ रुपये भाडे घ्यावे, असे मी ठरवले होते. मुली म्हणाल्या, आजोबा, एवढे सुट्टे आता नसतात. मग तेही राहिले.

हे वाचून मला कोणी साधू समजू नये. अजून बोलताना माझ्या तोंडून 'माझ्या खोल्या' असेच निघते. परवा एका मुलीने भिंतीत खिळा ठोकला तर मला राग आला. राग आल्यावर काकू आठवल्या. ममत्व असे जात नाही, माउली. ते कौलांतल्या पाण्यासारखे असते. एका ठिकाणी बंद केले की दुसरीकडे ठिबकते. दर पावसाळ्याच्या आधी वर चढून पाहावे लागते.

तो परभणीचा वारकरी पुन्हा भेटेल की नाही, देव जाणे. यंदाही मधल्या दिवशी मी विश्रामबागवाड्यासमोर जाऊन बसलो होतो. आत एक बाई चौक झाडत होती. तिचा तो वाडा नव्हता. पण त्या घटकेला त्याचा पहारा तिच्याकडे होता, आणि ती नीट झाडत होती. पुन्हा कोणी मला विचारले, "महाराज, हा वाडा कुणाचा?" तर मी तिच्याकडे बोट दाखवीन.

राम कृष्ण हरी.